हनुवटी जरा खाली

फोटोवाला पुस्तकात सापडला तेव्हा त्याच्यासमोरच्या स्टुलावर एक वकील कान मोकळे करत बसला होता. पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असा नियम आहे, आणि वकिलाच्या केसांनी त्याच्या कानांवर कधीचा बेकायदा कब्जा केलेला. तो आरशात बघून एकेक बट मागे सारत होता, ती मान्य न करता पुन्हा पुढे येत होती, आणि हा खटला काही लवकर निकाली निघत नाही असं बघून फोटोवाल्यानं काउंटरखालून पुस्तक काढलं. ‘भित्रीची भ्रमंती.’ निम्मं झालं होतं. पान उलटलं, वाचायला लागला, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला थांबला. लिहिलं होतं ते असं: ‘निघण्याआधी पासपोर्टचा फोटो काढायला गेले. दुकानदार म्हणाला, हनुवटी जरा खाली, आणि आता मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणा. मी म्हणायला लागले. सतरा आठेला अडकले, आणि नेमकं तेव्हाच त्यानं बटण दाबलं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक सीमेवर मला सतरा आठेला अडकलेली बाई म्हणून आत घेतलं गेलंय. त्या दुकानदाराचा चेहरा मात्र काही केल्या आठवत नाही. लोकांच्या तोंडावरचे भाव पुसायचं काम तो करायचा, आणि सुरुवात बहुतेक स्वतःपासून केली असावी. अशी माणसं कुठं जात नाहीत. ती दुसऱ्यांना पाठवतात.’

त्यानं परत वाचलं. दुसरा कुणी असेल, असं म्हणायची सोय नव्हती. फोटोवाले गावात ढिगानं होते, पण सतराचा पाढा हा त्याचा एकट्याचा शोध. बाकीचे म्हणतात, हसू नका. आता माणसाला हसू नको म्हटलं की त्याच्या तोंडाचा ताबा सुटलाच म्हणून समजा. मयताला आलेली माणसंसुद्धा त्यानं फुटतील. फोटोवाल्यानं बरेच प्रयोग केले होते. बाराचा पाढा फार सोपा पडतो, लोक गाणं म्हटल्यासारखे डोलायला लागतात. एकोणीसचा म्हटलं की घाबरतात. सतराचा मात्र प्रत्येकाला वाटतं आपल्याला येतो. चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत ऐटीत जातात, आणि मग डोळे स्थिर होतात, ओठ मिटतात, सुखदुःख, राग, लोभ, सासू, साहेब, सगळं तोंडावरून खाली उतरतं आणि नुसता माणूस उरतो. तेवढ्यात बटण दाबायचं. त्याचा एकही फोटो आजवर परत आला नव्हता. आणि ह्या बाईनं त्याच शोधावर त्याला छापून, बांधून, जगभर विकलं होतं. तो ताडकन उठला. उठायला नको होतं. कारण त्याच्या खांद्याच्या बॅगेचा पट्टा त्याच्या घोट्याला बांधलेला होता.

हे बांधणं पुस्तकातूनच आलेलं. परक्या गावात कुठंही बसलं की लेखिका बॅगेचा पट्टा घोट्याला बांधायची. चोराला बॅग न्यायची तर मलाही न्यावी लागेल, असं तिचं म्हणणं. फोटोवाल्याला हे इतकं पटलं होतं की गेले काही दिवस तो स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या काउंटरमागे, स्वतःची डब्याची बॅग घोट्याला बांधून बसत होता. तर तो उठला, पट्टा ताणला, बॅग काउंटरच्या पायात अडकली, फोटोवाला आडवा होताना त्यानं आधाराला जे धरलं ती दिव्याची छत्री होती, छत्रीनं मागचा पांढरा पडदा कवेत घेतला, आणि पडदा दांडीसकट वकिलावर आला. क्षणभर दुकानात दोनच गोष्टी दिसत होत्या: जमिनीवर फोटोवाला आणि स्टुलावर वकिलाच्या आकाराचं भूत.

‘हे फोटोत धरायचंय का?’ भूत म्हणालं.

‘नाही नाही साहेब, सॉरी, जरा... पाय.’

‘पायाचा काय संबंध?’

‘बांधलेला होता.’

वकिलानं पडदा डोक्यावरून काढला. केस सगळे पुन्हा कानांवर. ‘कुणी बांधला?’ त्यानं विचारलं, अगदी नोंद घेतल्यासारखं. ‘मीच,’ फोटोवाला म्हणाला. ह्यावर वकिलानं ज्या नजरेनं बघितलं ती नजर फोटोवाल्याला सबंध दुपार पुरली. फोटो काढला तोही सतराचा पाढा न सांगता. तोंडात आला होता, पण म्हणवेना. आपल्याच घरचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसा उष्टा लागतो, तसं झालं. परिणामी वकील हसला, परत काढला, परत हसला, आणि शेवटी म्हणाला, ‘अहो तुमचा पाय आठवतो हो.’

संध्याकाळपर्यंत तो तीच पाच-सहा वाक्यं वाचत बसला. दुखणं कुठं होतं ते त्याला बोट ठेवून सांगता येत होतं. आपल्याला कुणी हसलं ह्याचं नव्हतं. दुकानात आरसा असलेल्या माणसाला तेवढी सवय असते. पण इतकी पानं तो त्या बाईच्या बाजूनं चालत आला होता, अगदी खांद्याला खांदा लावून. पुस्तक बायकोनं आणलं होतं. बायको दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायची, नंबर लावायची, रडणाऱ्यांना पाणी द्यायची. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या हातात आजकाल हेच पुस्तक. ‘दाढ काढायला बोलावलं तरी उठत नाहीत हो लोक, म्हणतात धडा संपू दे,’ असं सांगत तिनं ते त्याच्या उशाशी ठेवलं, आणि ठेवताना मुद्दाम काही बोलली नाही, म्हणजे काय बोलायचंय ते त्याला कळलं. पहिलंच वाक्य होतं: ‘मला भीती वाटते, आणि प्रवासाला निघायला माझ्याकडे एवढंच सामान होतं.’ लेखिका विमा कंपनीत होती, जन्मभर अपघातांची कागदपत्रं वाचलेली, त्यामुळे कुठल्या वस्तूनं माणूस कसा मरू शकतो हे तिला तोंडपाठ. ती गॅस बंद आहे का ते बघायला कोपऱ्यावरून परत यायची. सिनेमाला दाराजवळची खुर्ची घ्यायची. लिफ्टमध्ये शिरली की पाटीवरचं वजन वाचून आतल्या माणसांची नजरेनं बेरीज करायची आणि जाड मनुष्य चढला की उतरायची. फोटोवाला पलंगावर उठून बसला होता. ‘अगं, ही बाई म्हणजे अगदी मीच आहे,’ तो म्हणाला होता. ‘तिच्यात न् माझ्यात काही म्हणजे काही फरक नाही.’

‘मिशीचा सोडला तर,’ बायको म्हणाली.

‘मस्करी नाही. लिफ्टमधली बेरीज मी कुणाला कधी सांगितली होती का?’

‘मला ठाऊक होती. मी चढले की तुमचे ओठ हलतात.’

आणि हीच बाई, लिफ्टमधून उतरणारी, बोट हलली की खांबाला मिठी मारणारी, हॉटेलच्या खोलीत आधी पलंगाखाली बघून मगच दिवा मालवणारी, हीच बाई चार समुद्र पार करून आली आणि मागं वळून बघताना तिला दिसला तो कोण, तर जाग्यावर बसलेला एक पुसलेला माणूस. एखाद्याचा हात धरून गर्दीतून चालावं आणि बरंच पुढं गेल्यावर त्यानं म्हणावं, आपण कोण? तसं. त्यानं भिंतीवरच्या आरशात स्वतःला बघितलं. चेहरा होता. नाक, डोळे, मिशी, सगळं नियमाप्रमाणे. पण आता ते वाक्य वाचल्यावर तिथं काय आहे ह्यापेक्षा तिथून काय गेलंय तेच दिसायला लागलं. भुवया जरा हलवून बघितल्या. परक्या माणसाच्या भुवया कुणीतरी मागून दोऱ्यानं ओढाव्यात तशा त्या वर गेल्या आणि खाली आल्या.

पासपोर्टचे कागद द्यायचा शुक्रवार जवळ आला होता, ही खरी गोष्ट. लेक लांब होती, इतकी लांब की तिची सकाळ व्हायची तेव्हा ह्यांची जेवणं उरकलेली असायची, आणि तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण, शेजारी ना आई ना सासू, जावई गुणाचा पण भात करतानाही घड्याळ लावणारा. आईबाबांनी यावं असा तिचा हट्ट होता. बायकोचे कागद केव्हाच तयार. नवऱ्याचं फक्त एकच अडलं होतं, आणि ते ऐकून पासपोर्टच्या एजंटला ठसका लागला होता: फोटो नाही. गावाचे फोटो काढणाऱ्याला स्वतःचा फोटो मिळेना. दुसऱ्या दुकानात जाणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न, आणि स्वतः काढायचा तर कॅमेऱ्याला वेळ लावून पळत जाऊन स्टुलावर बसायला लागायचं. तेही करून झालं होतं. पहिल्या फोटोत त्याची पाठ होती, स्टुलाकडे जाणारी. दुसऱ्यात नुसतं स्टूल, कारण दाराला कडी घातली का ते बघायला तो मधेच वळला. मग एकात गुडघा, एकात वाकलेलं टक्कल, आणि पुढं सगळी नुसती रिकामी स्टुलं. ती त्यानं पुसली नव्हती. कधीकधी गिऱ्हाईक नसलं की तो ती एकामागून एक बघायचा. पांढरा पडदा, त्यापुढं स्टूल, प्रकाश अगदी दोन्ही बाजूंनी सारखा, फोटो म्हणून काही नाव ठेवायला जागा नाही, फक्त माणूस नाही. मनातून त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय ह्याची भीती वाटायची.

‘शुक्रवारी दुपारी एजंट कागद नेणार,’ बायकोनं त्या दिवशी जेवताना सांगितलं. ‘एकाचे की दोघांचे, तेवढं सांगा.’

‘बघू.’

‘बघू म्हणजे? बाळ बघू म्हणून थांबणारे का?’

‘एकटीनं जायला भीती नाही का वाटणार तुला?’

ती जेवता जेवता थांबली. विचार करून बोलायची तिची पद्धत नव्हती, त्यामुळे ती थांबली की त्याला धडकी भरायची. ‘भीती वाटते ना,’ ती म्हणाली. ‘एकटीला मजा येईल, ह्याची वाटते. मग परत आल्यावर तुम्हाला काय काय सांगत बसू? तुम्ही विचारणार, विमानाला दारं किती होती.’

तो हसला नाही. कारण त्याला ते खरंच विचारायचं होतं. रात्रभर नाही म्हटलं तरी त्या वाक्यानं त्याचं डोकं खाल्लं. बायको नसलेलं घर त्याला दिसायला लागलं, प्रत्येक खोलीत सारखा प्रकाश आणि मधे एकेक रिकामं स्टूल. लेक फोनवर आईला काहीतरी दाखवतेय, दोघी हसतायत, आणि इकडे तो विचारतोय, गॅस बंद आहे ना तुमचा? आपण जाणार नाही हे त्याला आतून ठाऊक होतं, जसा दुखरा दात ठाऊक असतो. जिभेनं रोज चाचपायचं आणि डॉक्टरकडे जायचं नाही. ह्या पुस्तकानं जरा जरा वाटायला लागलं होतं की एवढी भित्री बाई जाऊन आली, मग आपण का नाही. आणि त्याच पुस्तकानं आता छापील अक्षरांत निकाल दिला होता. अशी माणसं कुठं जात नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात लेखिका सह्या द्यायला येणार होती. तशी पाटीच लागली होती. फोटोवाल्यानं दुकान लवकर बंद केलं, कुलूप ओढून बघितलं, कोपऱ्यावर गेला, परत येऊन ओढून बघितलं आणि निघाला. मनात भाषण तयार होतं. बाई, तुम्ही लिहिता चांगलं, पण माणसाला असं भर पुस्तकात पुसून टाकणं बरं नाही. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढा. नाहीतर निदान मिशी घाला. दुकानात शिरला आणि भाषण दारातच राहिलं. रांग पार वह्या-पेन्सिलींच्या कपाटापर्यंत गेलेली, आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. लेखिका प्रवासात गळ्यात शिट्टी घालायची. हरवलं तर वाजवायला. ह्यानंही एक घेतली होती, शर्टाच्या आत, थंडगार, छातीला लागत असलेली. त्याला वाटलं होतं आपण एकटेच.

‘मला तर वाटतं तिनं माझ्यावरच लिहिलंय,’ पुढची बाई तिच्या पुढच्या बाईला सांगत होती. ‘मी पण गॅस दोनदा बघते.’

‘दोनदा? मी शेजारणीला किल्ली देऊन ठेवलीय, ती तिसऱ्यांदा बघते.’

‘आमचं पाइपचं आहे, मी रस्त्यावरचा गॅसचा मोठा नळ कुठंय तो विचारून आले,’ मागून एक गृहस्थ म्हणाले, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे आदरानं बघितलं. मग पुढं कोण किती भितो ह्याची चढाओढच लागली. एकजण पुलावरून जाताना मोटारीची काच उघडी ठेवायचा. एकीला फुगे चालत नव्हते. फोटोवाला खाली मान घालून उभा होता. त्या सबंध रांगेत खरोखर पुस्तकात असलेला तो एकटा माणूस, आणि तेवढंच सांगायची त्याला चोरी. शिवाय ह्या सगळ्यांनी ते पान वाचलं असणार. सतरा आठेला ही सगळी हसली असणार. त्याला वाटायला लागलं की कुणीतरी आता वळून बघेल आणि म्हणेल, तो तुम्हीच का? मग वाटलं, नाही म्हणणार. चेहरा आठवत नाही म्हटल्यावर ओळखणार कशावरून? आणि ह्या दुसऱ्या विचारानं जास्तच गुदमरायला झालं. आग लागली तर बाहेर पडायचं दार कुठंय ते त्यानं बघून घेतलं. रांगेतली सगळीच अधूनमधून तिकडेच बघत होती.

लेखिका टेबलामागं बसलेली, अंगानं लहान, पण हसू एवढं रुंद की टूथपेस्टच्या जाहिरातीवरून काढून आणल्यासारखं. प्रत्येकाला तेच हसू, त्याच मापाचं. दुकानदार शेजारी उभा राहून पुस्तकं ओढत होता आणि ‘पुढं चला, एकानं एकच भीती सांगायची’ असं ओरडत होता. फोटोवाल्याचा नंबर आला. ‘कुणाच्या नावानं लिहू?’ ती म्हणाली, वर बघून. नेमका डोक्यावरचा दिवा सरळ खाली पडत होता आणि तिच्या हनुवटीखाली ही एवढी सावली. फोटोवाल्यानं भाषणाला म्हणून तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते भलतंच.

‘हनुवटी जरा खाली.’

हनुवटी खाली गेली. लगेच, आपोआप. आणि तिच्याबरोबर ते हसू कुणी बटण दाबल्यासारखं मावळलं, डोळे स्थिर झाले, ओठ मिटले, आणि त्यामागून जो चेहरा वर आला तो मात्र त्याच्या ओळखीचा होता. त्यानंच काढलेला. पेन हवेत थांबलं.

‘तुम्ही,’ ती म्हणाली.

‘सतरा आठे एकशे छत्तीस,’ तो म्हणाला.

‘हळू बोला हो. मला अजूनही येत नाही.’ ती पुढं वाकली. ‘रागावून आलायत का?’

‘तुम्ही लिहिलंत, अशी माणसं कुठं जात नाहीत.’

‘हो, लिहिलंय खरं. चुकलं का?’

मागं शिट्ट्या एकमेकींवर आपटत होत्या. ‘नाही,’ तो शेवटी म्हणाला. ‘बरोबर आहे. पण तुम्ही गेलात ना. एवढं हिंडलात. तुमची भीती तर गेली.’

लेखिकेनं आधी दुकानदाराकडे बघितलं, मग टेबलावरचं कापड एका बाजूनं उचललं आणि डोळ्यांनी खाली खुणावलं. खाली तिची बॅग होती. पट्टा घोट्याला बांधलेला. ‘जाते कुठली,’ ती कुजबुजली. ‘माझ्याबरोबर सगळीकडे हिंडून आली मेली, तिला तिकीट लागत नाही एवढंच. आता दुसरा भाग लिही म्हणून प्रकाशक पुढच्या महिन्यात परत पाठवतायत मला. अन्न जात नाही. सकाळपासून तीनदा घरी फोन केलाय.’

‘कुणाला?’

‘कुणाला म्हणजे? घरात कुणी नसतंच. पण रिंग वाजते ना, म्हणजे घर अजून जळालेलं नाही.’

फोटोवाल्याला ही युक्ती ठाऊक नव्हती. तो थक्क झाला. ‘उचलला कुणी तर?’ त्यानं विचारलं.

लेखिकेचा चेहरा पांढरा पडला. ‘अरे देवा,’ ती म्हणाली. ‘हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं.’

‘पुढं चला, पुढं चला!’ दुकानदार ओरडला. तिनं घाईघाईत काहीतरी लिहिलं, ती सही करते न करते तोच दुकानदारानं पुस्तक मिटून ह्याच्या छातीवर ठेवलं, आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन उघडतो तर ओली शाई समोरच्या पानावर फासलेली. ‘चेहरा’ एवढं लागत होतं. पुढं आठवला होता, आठवेल होतं की नुसताच डाग होता, काही कळायला मार्ग नाही. तो तसाच उभा राहिला. आपण त्या बाईला धीर द्यायला हवा होता, आणि दिली काय, तर एक नवीन भीती. पण मजा अशी की त्याच्या छातीवरचं काहीतरी मात्र सैल झालं होतं. ती जाऊन आली होती आणि तरी सतरा आठेलाच उभी होती, पहिल्यासारखी. म्हणजे आधी भीती संपते आणि मग माणूस निघतो, असं जे तो धरून बसला होता, तसं काही नसतं. हे बरं की वाईट, ते त्याला ठरवता येईना. संपायची वाट बघत निदान बसता येत होतं. आता तेही गेलं.

शुक्रवारी सकाळी बायको दवाखान्यात जायच्या आधी दुकानात आली. तिनं पर्स काउंटरवर ठेवली, कॅमेऱ्यामागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बसा.’

‘तुला जमायचं नाही. प्रकाश बघावा लागतो.’

‘प्रकाश आहे तसा आहे. बटण कुठलं?’

‘मोठं. पण आधी अर्धंच दाबायचं, मग—’

‘मी अर्धं काही दाबत नाही. बसा म्हटलं ना.’

तो बसला. इतकी वर्षं समोर बघितलेल्या स्टुलावर तो आज पहिल्यांदा नीट टेकला, आणि ते एका पायाला डगमगतं हे त्याला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक कुणी कधी बोललं नव्हतं. इथून दुकान वेगळंच दिसत होतं. दिवे तोंडावर, पलीकडे नुसता काळोख, आणि काळोखातून बायकोचा आवाज. ‘कान दिसतायत. हनुवटी जरा खाली. हं, आता तुमचा तो पाढा म्हणा.’ म्हणायला लागला. सतरा एके सतरा. त्याला पाठ होता, पाण्यासारखा, म्हणून त्याचा चेहरा काही पुसला जाईना. पाढा आपला ओठांतून चाललेला आणि मन मोकळं, भलतीकडे. सतरा दुणे चौतीस. मन गेलं ते थेट बसमध्ये. लहान होता, बापाबरोबर कुठंतरी निघाला होता, जन्मातला पहिला प्रवास, आणि शेवटचाही, तसं बघायला गेलं तर. बस थांबली, बाप पाणी आणायला उतरला. ‘हलू नकोस,’ म्हणाला. तो हलला नाही. बस हलली. ड्रायव्हरला फक्त गाडी फाटकाजवळ नेऊन लावायची होती, पण हे कुणी एवढ्याशा पोराला सांगतं का? सतरा त्रिक एक्कावन्न. तो ओरडला नाही, रडला नाही, कारण हलू नकोस म्हणून सांगितलेलं. नुसता खिडकीतून बघत राहिला. आणि मग खिडकीखाली बाप दिसला, धावताना, हातात पाण्याचा तांब्या, पाणी सगळं अंगावर, एक चप्पल मागं राहिलेली. सतरा पाचे पंच्याऐंशी. कधी कुणाला न भिणारा बाप, ज्याच्या पावलांच्या आवाजानं शेजारची कुत्री गप्प व्हायची, त्याचं ते तोंड. उघडे डोळे, मिटलेले ओठ. माणसाच्या चेहऱ्यावर असं काही येऊ शकतं हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि पुन्हा ते कुणाच्याच तोंडावर दिसू नये म्हणूनच की काय, तो सगळ्या गावाला स्टुलावर बसवून पाढे म्हणायला लावत आला. पण ह्या आठवणीत तो नेहमी तिथंच थांबायचा, खिडकीखाली. पुढचं आज आठवलं. बाप चढला होता. दोन्ही हातांनी दांडी धरून चढला होता, धापा टाकत शेजारी येऊन बसला होता, भिजलेल्या मांडीवर पोराचा हात घेऊन बसला होता, आणि बस वेळेवर सुटून जिथं जायचं तिथं गेली होती.

‘अहो, थांबलात का? सतरा आठे?’ बायकोनं अंधारातून विचारलं.

त्यानं तोंड मिटलं. सतरा आठे. काही म्हणजे काही येईना.

दिवा लखकन उडाला.

दोघं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेशी आले. त्यात स्टूल नव्हतं, पाठ नव्हती, गुडघा नव्हता. खिडकीखालचा बाप होता. मिशी आणि दोन्ही कान यांच्यासकट, थेट समोर बघणारा, हातात तांब्या नाही एवढंच.

‘परत काढू का?’ बायको म्हणाली. ‘फार घाबरलेले दिसताय हो. हे चालेल त्यांना?’

भिंतीवर नियमांचा कागद लावलेला होता, उन्हानं पिवळा पडलेला. फोटोवाल्याला तो तोंडपाठ. तरी तो उठून जवळ गेला आणि बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मागं पांढरा पडदा हवा. दोन्ही कान दिसावेत. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. टोपी नको, चष्म्याला चमक नको. हसू नये. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, कागद उलटून मागं काही आहे का तेही बघितलं. हसायला मनाई होती. घाबरायला कुठंच नव्हती.

‘चालेल,’ तो म्हणाला, आणि मघापासून अडकलेलं ‘एकशे छत्तीस’ तेव्हा कुठं त्याच्या तोंडातून बाहेर पडलं.